वाटेवरचा माल : थेम्स नदीच्या धक्क्यापासून आजच्या कंटेनरपर्यंत

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



दुकानातील मालावर मालकाची नजर असते, गोदामातील मालावर कुलूप असते. वाटेवरच्या मालावर मात्र कागदाखेरीज फारसे काही नसते. तो विकणाऱ्याच्या हातून सुटलेला असतो आणि घेणाऱ्याच्या हाती अद्याप पडलेला नसतो. या मधल्या काळात तो ज्यांच्या ताब्यात असतो, त्या माणसांना मालकाने बहुधा पाहिलेलेही नसते. व्यापारावर उपजीविका करणाऱ्या समाजात हा अनुभव घरोघरचा आहे. पोत्यांची संख्या बरोबर भरते, पण वजन भरत नाही. वजन भरते, पण मधल्या थरातील पेट्या रिकाम्या निघतात. कधी तर गाडीच पोहोचत नाही. अशा वेळी सामान्यतः ड्रायव्हरला दोष दिला जातो, नशिबाला दोष दिला जातो आणि नुकसान खात्यावर टाकून प्रकरण मिटविले जाते. परंतु मालवाहतुकीतील चोरी हा नशिबाचा भाग नव्हे. तिला स्वतःची रीत आहे, इतिहास आहे, आणि तिला आळा घालण्याचेही काही प्रयत्न इतिहासात नोंदलेले आहेत. त्यांतील सर्वांत बोधप्रद प्रयत्न सव्वादोनशे वर्षांपूर्वी लंडन शहरात, थेम्स नदीच्या पात्रात झाला. आजच्या व्याख्यानाचा मोठा भाग त्यासाठीच राखून ठेवला आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडन हे जगातील सर्वांत गजबजलेले बंदर होते. तथापि त्याची व्यवस्था दोनशे वर्षे जुनी होती. परदेशातून आलेला जकातपात्र माल कोठे उतरवावा, हे राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीत, १५५९ मध्ये ठरवून देण्यात आले होते. लंडन ब्रिज ते टॉवर या दरम्यानचे वीस धक्के तेवढे त्यासाठी मान्य होते आणि त्या सर्वांची मिळून लांबी अवघी १,४१९ फूट होती. पुढे आणखी काही धक्क्यांना सवलत मिळाली, पण व्यापार ज्या वेगाने वाढला त्या मानाने ती नगण्य होती. वेस्ट इंडीज बेटांवरून साखर, रम व कॉफी घेऊन येणारी जहाजे वादळांचा हंगाम चुकवून निघत, म्हणून ती ताफ्याताफ्याने एकाच सुमारास येऊन ठेपत. धक्क्याला जागा नसे. जहाज नदीच्या मध्यभागी नांगर टाकून आठवडेच्या आठवडे उभे राही. त्यावरील माल पडावांत उतरविला जाई आणि हे पडावही धक्क्यापाशी आपली पाळी येईपर्यंत ताडपत्री अंथरून उघड्यावर पडून राहत. साखरेचे एकेक लाकडी पिंप कित्येक मणांचे. ते चोरून नेणे अशक्य, परंतु फोडून त्यातील पाच-दहा शेर साखर काढणे अगदी सोपे.

या चोरीची जी वर्णने उपलब्ध आहेत, ती वाचताना आश्चर्य वाटते ते तिच्या शिस्तीचे. रात्री चोरी करणाऱ्या टोळ्यांना ‘हलके घोडेस्वार’ असे टोपणनाव होते. जहाजावरील मेट व जकातीचा पहारेकरी यांना आधीच पैसे पोहोचलेले असत. अंधारात दिसू नयेत म्हणून काळ्या रंगात बुडविलेल्या पिशव्या, रम काढण्यासाठी हातपंप आणि ती साठविण्यासाठी जनावरांचे फुगे, असा सारा सरंजाम घेऊन ही मंडळी येत, पिंप उघडीत, भरून घेत आणि पिंप पुन्हा जसेच्या तसे ठोकून बंद करून जात. दिवसा चोरणारे ‘जड घोडेस्वार’ हे जहाज रिकामे करणारे हमालच असत. ते कपड्यांच्या आत अनेक खिशांचे एक बंडीवजा वस्त्र घालीत आणि ढगळ विजारीच्या आत पायांना लांब पिशव्या बांधीत. ओहोटीच्या वेळी जहाजाच्या तळाशी चिखलात काहीतरी वेचण्याचे सोंग करणारी पोरे व म्हातारे असत. वरून टाकलेल्या पिशव्या झेलणे हे त्यांचे काम. उंदीर पकडणाऱ्यांचाही एक वर्ग होता. हे लोक एका जहाजावर पकडलेले उंदीर दुसऱ्या जहाजावर सोडीत, तेथे पुन्हा पकडण्याचे पैसे घेत आणि रात्री जहाजावर वावरण्याची मुभा मिळाली म्हणून मालावरही हात मारीत. या सर्वांच्या मागे, किनाऱ्यावर, चोरीचा माल विकत घेणारे व्यापारी बसलेले असत. त्यांचा उल्लेख पुढे पुन्हा येईल, कारण या कथेतील खरी किल्ली त्यांच्याकडे आहे.

पॅट्रिक कोल्हून या गृहस्थाने हे सारे लिहून ठेवले. कोल्हून मूळचा स्कॉटलंडचा. त्याचे तारुण्य व्हर्जिनियात व्यापारात गेले, पुढे तो ग्लासगोचा नगरप्रमुख झाला, तेथील व्यापारी संघाच्या स्थापनेत त्याने पुढाकार घेतला आणि १७९२ पासून तो लंडनमध्ये दंडाधिकारी होता. म्हणजे गुन्ह्यांकडे तो व्यापाऱ्याच्या डोळ्यांनी पाहत होता. जमाखर्च मांडून पाहत होता. नदीवर काम करणाऱ्या सुमारे ३३,००० लोकांपैकी ११,००० लोक या ना त्या प्रकारे चोरीत सामील आहेत आणि वर्षाला सुमारे पाच लाख पाउंडांचा माल नाहीसा होतो, असा त्याचा अंदाज होता. हे आकडे त्याने आपली योजना मान्य व्हावी म्हणून मांडलेले आहेत, हे विसरता कामा नये. योजना विकणाऱ्याने सांगितलेला तोट्याचा आकडा आणि औषध विकणाऱ्याने सांगितलेली रोगाची तीव्रता, दोन्ही थोडी कमी करूनच घ्यावीत. पण निम्मे जरी खरे मानले तरी प्रकार गंभीर होता.

कोल्हूनला साथ मिळाली जॉन हॅरिअट याची. हा एसेक्स परगण्यातील शेतकरी व दंडाधिकारी; उमेदीच्या काळात खलाशी होता आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत हिंदुस्थानात राहून पायाला गोळी लागल्यावर परत गेलेला. नदीवर स्वतंत्र पोलीस दल असावे, ही कल्पना त्याने मांडली होती. जेरेमी बेंथम या विख्यात विचारवंताने पुढे त्यासाठी कायद्याचा मसुदा करून दिला. वेस्ट इंडीजच्या मळेवाल्यांनी व व्यापाऱ्यांनी खर्चाचा मोठा वाटा उचलला, सरकारने एक वर्षाच्या बोलीवर संमती दिली आणि २ जुलै १७९८ रोजी वॉपिंग येथे नदीकाठी ‘मरीन पोलीस’ कचेरी सुरू झाली. प्रारंभी दलात सुमारे पन्नास माणसे होती. लंडनच्या सुप्रसिद्ध महानगर पोलीस दलाची स्थापना त्यानंतर एकतीस वर्षांनी, १८२९ मध्ये झाली. म्हणजे आधुनिक पोलिसांचा एक उगम मालवाहतुकीतील चोरीत आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

या दलाच्या गस्ती नौकांची वर्णने पुष्कळ आढळतात. वस्तुतः अधिक महत्त्वाचे काम गस्तीचे नव्हतेच. कोल्हूनने जहाज रिकामे करण्याची पद्धतच बदलली. त्यापूर्वी हमालांची टोळी पुरविण्याचे काम मुकादमांकडे असे आणि हे मुकादम बहुधा दारूचे गुत्ते चालवीत. मजुरीचा बराच भाग गुत्त्यातच वळता होई. काही टोळ्या तर मजुरी न घेता किंवा नाममात्र घेऊन कामावर येत, कारण त्यांची कमाई कोठून होणार हे सर्वांनाच ठाऊक असे. नव्या कचेरीने हमालांची नोंदणी केली, मजुरीचे दर ठरवून दिले, ती मजुरी कचेरीतून रोख देण्याची व्यवस्था केली आणि त्याबरोबर प्रत्येक जहाजावर एक शिपाई बसविला. ढगळ विजारी व आतल्या खिशांच्या बंड्या यांना मनाई झाली आणि काम संपल्यावर झडती सुरू झाली. मजुरी आणि झडती या दोन्ही गोष्टी एकदम आल्या, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. नुसती झडती आली असती तर पहिल्याच महिन्यात काम बंद पडले असते.

तरीही रक्त सांडायचे टळले नाही. १६ ऑक्टोबर १७९८ रोजी कोळसा चोरल्याच्या आरोपावरून तिघांना वॉपिंगच्या कचेरीत प्रत्येकी चाळीस शिलिंग दंड झाला. कोळसा उपसणाऱ्यांच्या दृष्टीने घरी जाताना थोडा कोळसा नेणे ही चोरी नव्हती. ती वाडवडिलांपासून चालत आलेली रूढी होती, मजुरीचाच एक भाग होता. रात्री मोठा जमाव कचेरीवर चालून आला, दगडांचा वर्षाव झाला, दोन्ही बाजूंनी गोळ्या सुटल्या. गेब्रिएल फ्रँक्स हा कचेरीचा माणूस जबर जखमी झाला आणि काही दिवसांनी मरण पावला. जमावातीलही एक इसम ठार झाला.

येथे थोडे थांबून विचार करणे अगत्याचे आहे. सांडलेली साखर कोणाची? फुटक्या पोत्यातला दाणा कोणाचा? पिंप जोडणाऱ्या सुताराने ‘नमुना’ म्हणून उचललेली मूठ कोणाची? धक्क्यावरील माणूस म्हणे, ती आमची. मालक म्हणे, ती माझी. आपल्याकडील बाजार समित्यांमध्येही ही भाषा अपरिचित नाही. शेतकऱ्याच्या प्रत्येक पोत्यामागे ‘कडता’ कापला जात असे, त्याला रूढी म्हणत. हमालाने खाली पडलेले दाणे गोळा करून नेले तर त्याला कोणी रूढी म्हणत असे, कोणी चोरी. कापणारा पेढीवर बसलेला असला की रूढी आणि वाकून वेचणारा असला की चोरी, असा भेद करणे न्यायाचे नव्हे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत चोराला प्रवृत्त करणे आणि चोरीचा माल घेणे यांच्याच पंक्तीत मापात कमीअधिक करणे हाही अतिचार बसविलेला आहे. धक्क्यावरचा आणि पेढीवरचा, असा भेद सूत्रकारांनी केलेला नाही.

याहून मोठा प्रश्न त्या साखरेच्याच मालकीचा होता. वेस्ट इंडीजच्या मळ्यांतील साखर गुलामांच्या श्रमातून निघत होती. आफ्रिकेतून पकडून नेलेल्या माणसांचे संपूर्ण आयुष्य ज्यांनी मजुरीवाचून घेतले, तेच मळेवाले व व्यापारी पिंपातील पाच शेर साखरेसाठी पोलीस दल उभारत होते. धक्क्यावरील चोर निर्दोष होता असे यावरून ठरत नाही. परंतु त्या काळच्या कागदपत्रांत ‘लूट’ हा शब्द कोणासाठी वापरला गेला आणि कोणासाठी वापरला गेला नाही, हे वाचकाने पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये. ब्रिटनने १८३३ च्या कायद्याने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली तेव्हा दोन कोटी पाउंडांची नुकसानभरपाई देण्यात आली. ती गुलामांना नव्हे, त्यांच्या मालकांना मिळाली.

पहिल्या वर्षात मरीन पोलिसांवर सुमारे ४,२०० पाउंड खर्च झाला आणि १,२२,००० पाउंडांचा माल वाचला, असा कोल्हूनचा दावा होता. सरकारला तो पटला असावा, कारण १८०० मध्ये कायदा करून ही खाजगी खर्चाने चाललेली कचेरी सरकारी करण्यात आली. पुढे १८३९ मध्ये ती महानगर पोलिसांत विलीन झाली. वॉपिंगला नदीवरील पोलिसांचे ठाणे आजही आहे.

व्यापाऱ्यांचे मात्र एवढ्याने समाधान झाले नव्हते. जोवर माल उघड्या नदीत तरंगत आहे तोवर पहारा अपुराच पडणार, हे त्यांनी ओळखले. जमैकात मळे असलेल्या रॉबर्ट मिलिगन या व्यापाऱ्याच्या पुढाकाराने ‘आइल ऑफ डॉग्ज’ या नदीच्या वळणावरील सखल भागात वेस्ट इंडिया गोदी खोदण्यात आली. २७ ऑगस्ट १८०२ रोजी तिचे उद्घाटन झाले. आत मोठे जलाशय, काठाने ओळीने बांधलेली उंच गोदामे आणि भोवती सुमारे वीस फूट उंचीची भिंत. जहाज थेट आत येणार, माल थेट गोदामात जाणार, पडावांचा संबंधच उरणार नाही. वेस्ट इंडीजचा माल एकवीस वर्षे येथेच उतरविला पाहिजे, असा मक्ताही कायद्याने मिळाला. मिलिगनचा पुतळा पुढे या गोदीत उभारण्यात आला. गुलामांच्या व्यापाराशी असलेल्या संबंधामुळे तो जून २०२० मध्ये हलविण्यात आला. त्याच्या मागील गोदामात आता बंदराच्या इतिहासाचे संग्रहालय आहे.

थेम्सवरील या उपायांचे मर्म पाहिले तर ते भिंतीत जितके आहे तितकेच हात बदलण्याच्या जागा कमी करण्यात आहे. जहाजावरून पडावात, पडावातून धक्क्यावर, धक्क्यावरून गाडीत, गाडीतून वखारीत, असा माल चार वेळा हात बदलत होता आणि चारही ठिकाणी झिजत होता. गोदीने त्यांतील दोन हात काढून टाकले. उरलेल्या ठिकाणी कोणी काय घेतले व कोणाला दिले याची नोंद ठेवणारा माणूस बसविला. मजुरांच्या नोंदणीचे तत्त्वही नष्ट झाले नाही. आपल्या देशात १९४८ च्या गोदी कामगार कायद्याने आणि महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी कायद्याने नोंदणी व मंडळामार्फत मजुरी ही पद्धत आणली. तेथे हेतू चोरी थांबविण्याचा नव्हता, कामगाराला संरक्षण देण्याचा होता. पण नाव नोंदलेला व वेळेवर मजुरी मिळणारा हमाल मालाला अधिक सुरक्षित असतो, हा अनुभव जाणत्या व्यापाऱ्यांना आहे.

हात कमी करण्याच्या या वाटेवरील पुढचे मोठे पाऊल पडायला दीडशे वर्षे लागली. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ धातूच्या पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले. कंटेनरचे युग येथून सुरू झाले असे मानतात. मॅक्लीनचा हेतू खर्च वाचविण्याचा होता, पण एक आनुषंगिक लाभ सर्वांच्याच लक्षात आला. कारखान्यात बंद झालेली पेटी थेट ग्राहकाच्या दारात उघडू लागली. मधल्या हमालाला आत व्हिस्की आहे की खिळे, हेच कळेनासे झाले. मूठमूठ उचलण्याची चोरी ओसरली. तिच्या जागी पेटीच्या पेटी नेण्याची चोरी आली. पूर्वी शंभर हातांनी थोडे थोडे जात होते, ते आता एका हाताने सगळे जाऊ लागले.

कंटेनरचे सारे इमान त्याच्या दारावरील सीलवर अवलंबून असते. उच्च सुरक्षेच्या सीलसाठी ‘आयएसओ १७७१२’ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात बसणारे सील म्हणजे जाड पोलादी खिळा, जो मोठी कात्री लावल्याशिवाय तुटत नाही. त्याचा क्रमांक बिल ऑफ लेडिंगवर नोंदला जातो. परंतु सराईत चोर सीलला हात लावत नाहीत. ते दाराच्या बिजागरीचे किंवा कडीचे रिव्हेट काढतात, माल काढतात आणि नवे रिव्हेट ठोकून रंग देतात. सील अभंग, क्रमांक बरोबर, आत मात्र निम्मा माल. म्हणून सील तपासण्याची रीत अशी सांगितली जाते की, प्रथम सील व दाराचे सर्व भाग नीट पाहावेत, क्रमांक कागदाशी ताडून घ्यावा, सील जोराने ओढावे आणि मग पिळून पाहावे. बनावट सील पिळले की हातात सुटून येते. या चार क्रियांना एक मिनिटही लागत नाही, आणि तरीही घाईच्या वेळी वगळली जाते ती हीच तपासणी. निर्यातीच्या कंटेनरसाठी भारतीय सीमाशुल्क खात्याने २०१७ मध्ये रेडिओलहरींनी वाचता येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सीलची पद्धत आणली. तिच्यामुळे नोंद आपोआप होते, पण रिव्हेट कोणीतरी डोळ्यांनीच पाहावे लागतात.

कुलूप पक्के झाले की चोर किल्लीकडे वळतो, याचे ठळक उदाहरण बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात घडले. तेथे कंटेनर सोडवून घेण्यासाठी एक सांकेतिक क्रमांक पुरेसा होता. २०११ पासून अमली पदार्थांच्या एका टोळीने संगणक फोडणारे तज्ज्ञ हाताशी धरले. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या केळी, लाकूड अशा निर्दोष मालाच्या कंटेनरमध्ये त्यांचे अमली पदार्थ लपविलेले असत. आधी फसव्या ई-मेलद्वारे कंपन्यांच्या संगणकांत शिरकाव झाला. तो मार्ग बंद होताच चोरांनी प्रत्यक्ष कचेऱ्यांत घुसून विजेच्या जोडपट्ट्यांत लपविलेली, टंकलेली अक्षरे टिपणारी उपकरणे बसविली. कंटेनर कोठे उभा आहे व त्याचा क्रमांक काय, हे कळताच टोळीचा ट्रक खऱ्या मालकाच्या आधी जाऊन तो घेऊन येई. कंटेनरच्या कंटेनर नाहीसे होऊ लागले तेव्हा शंका आली आणि २०१३ मध्ये टोळी उघडकीस आली. भिंत, सील, पहारा, सर्व काही जागच्या जागी होते. चोर दरवाजातून कागद दाखवून बाहेर पडत होता.

अमेरिकेत अलीकडच्या वर्षांत, विशेषतः २०२२ नंतर, जो प्रकार बोकाळला आहे तोही याच जातीचा आहे. चोर प्रतिष्ठित वाहतूक कंपनीचे नाव, तिचा परवाना क्रमांक आणि एखाद्या अक्षराचाच फरक असलेला ई-मेल पत्ता वापरून दलालाकडून माल मिळवितात. पुष्कळदा ते स्वतः ट्रकही आणत नाहीत. दुसऱ्याच एका खऱ्या वाहतूकदाराला काम देतात आणि वाटेत फोन करून पोहोचविण्याचा पत्ता बदलतात. ट्रक खरा, ड्रायव्हर प्रामाणिक, आणि माल चोरांच्या वखारीत. मराठी माणसाला तोतया हा शब्द पेशवाईपासून परिचित आहे. हे वाहतुकीतील तोतये आहेत. आपल्याकडे ट्रकच्या खोट्या नंबरपाट्या आणि बनावट आरसी पुस्तके यांच्या साह्याने माल भरून पसार होण्याचे प्रकार घडतात, त्यांचाही पिंड हाच.

यावर उपाय खर्चिक नाहीत, कंटाळवाणे आहेत, आणि म्हणूनच ते टाळले जातात. गाडी गोदामाच्या दारात आल्यावर तिची नंबरपाटी, आरसीवरील चेसिस क्रमांक व गाडीवर कोरलेला क्रमांक जुळतात का, हे पाहावे. वाहनाची नोंद सरकारी ॲपवर मोबाइलमधूनच दिसते. आंतरराज्य वाहतुकीसाठी १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल आले. पन्नास हजार रुपयांवरील मालाच्या त्या बिलात गाडीचा क्रमांक भरावा लागतो. बहुतेक पेढ्या त्याकडे केवळ कराचे लचांड म्हणून पाहतात. परंतु समोर उभी असलेली गाडी बिलातलीच आहे की नाही, हे पाहण्याचे ते आयते साधन आहे. दलालाने दिलेल्या नंबरवर फोन करून खातरजमा करण्यात अर्थ नाही. ज्या ट्रान्सपोर्ट कंपनीचे नाव सांगितले जाते, तिचा नंबर स्वतंत्रपणे मिळवून तिला विचारावे. पत्ता बदलल्याचा निरोप आला तर माल पाठविणाऱ्याच्या लेखी संमतीवाचून गाडी वळवू नये, ही अट बिल्टीवरच छापून घ्यावी. ड्रायव्हरच्या विश्रांतीचाही विचार व्हावा. सुरक्षित जागा नेमून न देता पोहोचण्याची वेळ मात्र आवळून दिली की तो रस्त्याच्या कडेला अंधारात गाडी लावून झोपतो. उभ्या गाडीची ताडपत्री कापणे चोराला सर्वांत सोयीचे असते. शनिवारी संध्याकाळी भरून सोमवारपर्यंत कोठेतरी उभी ठेवलेली गाडी म्हणजे चोराला दिलेले निमंत्रणच होय.

आता राहिला तो चोरीचा माल घेणारा. कोल्हूनने आपल्या लेखनात सर्वाधिक रोष त्याच्यावर व्यक्त केला आहे. दहा पोती हळद किंवा दोनशे पेट्या औषधे चोर घरी वापरत नाही. ती विकत घेणारी पेढी कोठेतरी असतेच, आणि ती अंधाऱ्या गल्लीत नसते, बाजारपेठेत असते. तिला नाव असते, पाटी असते, क्वचित समाजात मानही असतो. बाजारभावाहून पुष्कळ कमी दर, बिल ‘नंतर’ मिळेल असे आश्वासन, रोखीचा आग्रह आणि पोत्यांवरील छाप खरवडलेला, एवढ्या खुणा दिसूनही जो माल घेतो, त्याला पुढे आपल्याला ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ३१७ नुसार, माल चोरीचा आहे हे माहीत असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना तो अप्रामाणिकपणे घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, आणि अशा मालाचा नेहमीचा धंदा करणाऱ्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. ‘तसे मानण्यास कारण असताना’ हे शब्द पेढीवर बसणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावेत. त्याच संहितेच्या कलम ११२ मध्ये टोळीने केलेल्या किरकोळ संघटित गुन्ह्यांत ‘मालवाहतुकीतील चोरी’चा नावानिशी उल्लेख झाला असून तिला एक ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. स्वाधीन केलेला माल वाहतूकदाराने किंवा गोदामवाल्याने स्वतःच गिळंकृत केला तर कलम ३१६ प्रमाणे सात वर्षांपर्यंत शिक्षा होते.

चोरी झाल्यावर भरपाई मिळते की नाही, हे माल निघण्यापूर्वीच्या कागदांवर ठरलेले असते, आणि या बाबतीत जाणकार व्यापारीही गाफील आढळतात. सागरी विम्याची ‘ए’, ‘बी’ व ‘सी’ अशी कलमे प्रचलित आहेत. त्यांतील ‘बी’ व ‘सी’ मध्ये चोरीचा समावेश नसतो. थोडा हप्ता वाचतो म्हणून ‘सी’ घेणाऱ्याने माल चोरीस गेल्यावर विमा कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. देशांतर्गत रस्तेवाहतुकीच्या विम्यातही पूर्ण जोखमीचे कलम वेगळे आणि केवळ आग-अपघाताचे वेगळे असते. वाहतूकदाराची स्वतःची जबाबदारी २००७ च्या रस्ता मालवाहतूक कायद्यान्वये ठरते. पाठविणाऱ्याने वाढीव जोखमीचा दर मान्य केला नसेल, तर सामान्यतः ती नियमांनी ठरविलेल्या मर्यादेपुरतीच राहते. नुकसानीचा दावा लावायचा असेल तर वाहतूकदाराला आधी लेखी सूचना द्यावी लागते आणि ही सूचना माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत दिलेली असली पाहिजे. चोरी उघड झाल्याच्या तारखेपासून ही मुदत मोजली जात नाही. तडजोडीच्या बोलण्यांत हे दिवस भराभर निघून जातात. यास्तव बोलणी चालू असतानाच सूचना टपालाने पाठवावी आणि तिची पोच बिल्टीला जोडून ठेवावी.